न दिसणाऱ्या किरणांचे मोजमाप : कर्करोगावरील कण-उपचार आणि त्यावर पहारा देणारी यंत्रे

(दिग्रस, जि. यवतमाळ येथे शिक्षक, आरोग्य कर्मचारी व नागरिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय कदाचित आपणांस दूरचा वाटेल. कर्करोगावर अणूतील कणांनी उपचार करतात, आणि ते कण मोजणारी यंत्रे असतात, याचा अरुणावतीच्या काठी कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या आपल्या तालुक्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. मी स्वतः विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन माहिती खात्यात आलो आणि शासनाची व शास्त्राची माहिती सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत पोचविणे हेच माझे काम झाले. तेव्हा आज मी आपल्यापुढे तज्ज्ञ म्हणून उभा नाही. तज्ज्ञांचे म्हणणे समजावून घेऊन ते आपल्यापर्यंत आणणारा एक मध्यस्थ म्हणून उभा आहे.

आपल्या भागात कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार सांगितले, की लोक म्हणतात, “त्याला शेक द्यायचे सांगितले आहेत.” शेक हा शब्द आपण किती सहजतेने वापरतो! परंतु या शब्दामुळेच अनेक गैरसमज वाढीस लागले आहेत. शेक म्हटला, की भाजणे आले, होरपळणे आले. मग कोणी सांगतो, शेक घेतल्याने माणूस खंगतो. कोणी सांगतो, शेक जास्त झाला म्हणून अमका दगावला. या भीतीपोटी काही रुग्ण उपचार सुरूच करीत नाहीत आणि काही जण तो अर्धवट सोडून गावी परत येतात. पस्तीस दिवसांचा उपचार विसाव्या दिवशी सोडणे म्हणजे काय, हे आपल्यातील आरोग्य सेवकांना निराळे सांगावयास नको. ज्या घरात असे घडते, त्या घराला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून “किती किरण दिले, ते कोण मोजतो, आणि चूक होऊ लागली तर ती कोण थांबवितो?” हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नसून आपल्या सर्वांचा आहे.

शेक म्हणतात, पण ऊब नाही

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. किरणोपचाराची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम शरीरभागाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की ती एक ग्रे मात्रा झाली. नेहमीच्या उपचारात रुग्णाला दररोज साधारण २ ग्रे मात्रा देतात आणि असे तीस ते पस्तीस दिवस चालते. आता ही १ ग्रे ऊर्जा पाण्याला दिली, तर पाणी किती तापेल? एका अंशाच्या चार हजाराव्या भागाइतके! सकाळच्या कोवळ्या उन्हात हात धरला तर त्याहून कितीतरी अधिक ऊब लागते. म्हणजे ज्याला आपण शेक म्हणतो, त्यात शेकण्यासारखे काहीही नाही. रुग्णाला उपचार चालू असताना ना ऊब जाणवते, ना वेदना.

तरीही ही मात्रा सामर्थ्यवान आहे, कारण ती पेशीच्या गाभ्यातील नाजूक धाग्यांवर घाव घालते. हीच ४ ते ५ ग्रे मात्रा एकाच वेळी सबंध शरीराला मिळाली आणि वेळेवर उपचार झाला नाही, तर माणसाचे प्राण जाऊ शकतात. तीच मात्रा केवळ गाठीवर, रोज थोडीथोडी, अचूक दिली, तर प्राण वाचू शकतात. विष आणि औषध यांच्यातील अंतर येथे केवळ दोन गोष्टींवर अवलंबून आहे : किती आणि कोठे. या दोन्ही गोष्टी माणसाच्या एकाही इंद्रियाला कळत नाहीत. डॉक्टरला कळत नाहीत, तंत्रज्ञाला कळत नाहीत, रुग्णालाही कळत नाहीत. त्या कळाव्यात म्हणून माणसाने जे कृत्रिम इंद्रिय तयार केले, त्याला संसूचक अथवा प्रचारातील शब्दात डिटेक्टर असे म्हणतात.

क्ष-किरणांपासून प्रोटॉनपर्यंत

रंटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९८ मध्ये मारी व पिएर क्युरी यांनी रेडियम शोधून काढले. अल्पावधीतच या दोहोंचा उपयोग कर्करोगावर होऊ लागला. आपल्या राज्यात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि किरणोपचाराला एक भक्कम अधिष्ठान लाभले. १९६२ पासून ही संस्था केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट उपचार यंत्रही तयार केले.

क्ष-किरणांत एक उणीव आहे. ते शरीरात शिरताना त्वचेजवळच बरीच ऊर्जा टाकतात, गाठीपर्यंत पोचताना क्षीण होत जातात आणि गाठीच्या पलीकडूनही बाहेर पडतात. वाटेतील निरोगी भागाला त्याची झळ बसते. निरनिराळ्या दिशांनी किरण सोडून ही झळ विभागता येते व आजची यंत्रे हे काम उत्तम रीतीने करतात. परंतु झळ अजिबात नाही असे होत नाही.

प्रोटॉनची गोष्ट निराळी आहे. प्रोटॉन हा हायड्रोजनच्या अणूचा गाभा. त्याला वेग देऊन शरीरात सोडले, तर तो आरंभी वाटेत फारशी ऊर्जा खर्च करीत नाही. जसजसा त्याचा वेग मंदावतो, तसतशी तो अधिकाधिक ऊर्जा देऊ लागतो आणि अगदी अखेरीस उरलीसुरली सर्व ऊर्जा एकदम टाकून थांबतो. भर बाजारातून धावत जाणारा मनुष्य वाटेत कोणाशी फारसे बोलत नाही, पण पावले मंदावली की भेटेल त्याच्याशी बोलत उभा राहतो, तसाच हा प्रकार. विल्यम ब्रॅग यांनी गेल्या शतकाच्या आरंभी आल्फा कणांच्या बाबतीत हे प्रथम दाखविले, म्हणून ऊर्जेच्या या अखेरच्या उसळीला ‘ब्रॅग शिखर’ असे नाव पडले. हे शिखर नेमके गाठीत आणून ठेवले, की गाठीपलीकडचा भाग जवळजवळ कोरडा राहतो.

ही गोष्ट उपचारासाठी वापरता येईल हे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली लिहून ठेवले. १९५४ मध्ये बर्कले येथे पहिल्या रुग्णांवर प्रोटॉनचा उपयोग झाला. रुग्णालयातच उभारलेले पहिले मोठे केंद्र १९९० साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे सुरू झाले. जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून प्रोटॉनहून जड अशा कार्बन कणांचा उपयोग होऊ लागला. आपल्या देशात चेन्नई येथे २०१९ साली एका खाजगी रुग्णालयात प्रोटॉन उपचार सुरू झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राची पाळी आली.

खारघरचे केंद्र

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन व उपचार संस्था आहे. तेथे उभारलेले राष्ट्रीय हॅड्रॉन किरण उपचार केंद्र ११ मे २०२३ रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, राष्ट्राला समर्पित करण्यात आले आणि त्याच वर्षी तेथे रुग्णांवर उपचार सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील हे देशातील पहिलेच प्रोटॉन केंद्र होय. त्याच दिवशी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाची पायाभरणी झाली, हा योगायोग मला सांगावासा वाटतो. तेथे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपावयाच्या आहेत, तर येथे शरीरात शिरणारे कण टिपावयाचे आहेत. दोन्ही ठिकाणी खरा नायक एकच, तो म्हणजे संसूचक.

खारघरच्या केंद्रात बेल्जियममधील कंपनीने पुरविलेला सायक्लोट्रॉन हा कणवेगवर्धक आहे. तो प्रोटॉनला २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा देतो. या ऊर्जेला प्रोटॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६० टक्के होतो आणि तो पाण्यात सुमारे ३२ ते ३३ सेंटिमीटर खोल जाऊ शकतो. उथळ गाठीसाठी ऊर्जा कमी करतात. ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला ही खोली ४ सेंटिमीटरच्या आसपास येते. तेथून ही कणशलाका चुंबकांच्या मार्गदर्शनाखाली तीन उपचार कक्षांत नेली जाते. प्रत्येक कक्षात रुग्णाभोवती फिरणारा एक प्रचंड पोलादी सांगाडा असतो. त्यास गॅन्ट्री म्हणतात. त्यामुळे रुग्णाला न हलविता हव्या त्या दिशेने कण सोडता येतात.

पेन्सिलीसारखी बारीक शलाका गाठीवर चित्रकाराप्रमाणे फिरवितात. गाठीचे खोलीनुसार थर कल्पितात व प्रत्येक थरावर ठिपक्याशेजारी ठिपका देत जातात. एका गाठीसाठी असे हजारो ठिपके लागू शकतात आणि एकेका ठिपक्याला केवळ काही सहस्रांश सेकंद मिळतात. ही पद्धत स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत १९९६ साली रुग्णांसाठी प्रथम वापरली गेली. आता विचार करा : डोळ्यांना न दिसणारे कण, सहस्रांश सेकंदात एक ठिपका, आणि ठिपके हजारो! एखादा ठिपका जागा सोडून पडला किंवा एखाद्या जागी दुप्पट मात्रा गेली, तर ती मागे घेता येत नाही. येथे माणसाची दक्षता अपुरी पडते आणि पहाऱ्याचे काम संसूचकाकडे जाते.

हवेच्या पोकळीतील तराजू

या पहारेकऱ्यांपैकी सर्वांत जुना आणि आजही सर्वांत विश्वासू म्हणजे आयनीकरण कक्ष. त्याची रचना विलक्षण साधी आहे. दोन अतिशय पातळ पडदे समोरासमोर लावतात. मधे काही मिलिमीटर हवा अथवा दुसरा वायू असतो. पडद्यांना विजेचा दाब दिलेला असतो. प्रोटॉन त्यातून आरपार जाताना वायूच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे करतो. हे सुटे विद्युत्भार पडद्यांकडे ओढले जातात आणि एक सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहू लागतो. जितके प्रोटॉन अधिक, तितका प्रवाह अधिक.

थोडा हिशेब करून पाहू. हवेत एक इलेक्ट्रॉन सुटा करण्यास सरासरी ३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा एक प्रोटॉन अर्धा सेंटिमीटर हवा ओलांडताना सुमारे सत्तर इलेक्ट्रॉन सुटे करतो. म्हणजे त्याने आपल्या ऊर्जेचा सुमारे एक लक्षांश भागच पथकर म्हणून दिला आणि तो पुढे रुग्णाकडे निघून गेला. मोजमाप झाले, पण मोजल्यामुळे माल कमी झाला नाही. बाजार समितीच्या काट्यावर कापसाची गाडी उभी करून वजन करावे लागते. येथे गाडी भरधाव जात असतानाच वजन होते, आणि तेही गाडीला धक्का न लावता!

एक अब्जांश अँपिअर इतक्या शलाकेतही दर सेकंदाला सहा अब्जांहून अधिक प्रोटॉन असतात. ते एकेक मोजणे या कक्षाचे काम नाही. तो एकूण विद्युत्भार मोजतो. ठिपक्यासाठी ठरलेला आकडा पुरा झाला, की तत्क्षणी संकेत जातो आणि शलाका पुढच्या ठिपक्याकडे वळते अथवा बंद होते.

असे कक्ष एकामागे एक दोन असतात आणि दोहोंची विद्युत् यंत्रणा स्वतंत्र असते. पहिला शलाका बंद करतो. पहिला चुकला तर दुसरा बंद करतो. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तरी उपचार थांबतो. याखेरीज मात्रेऐवजी जागा पाहणारे निराळे कक्ष असतात. त्यांच्या पडद्यावर विद्युत्वाहक पट्ट्या आखलेल्या असतात, एका पडद्यावर उभ्या तर दुसऱ्यावर आडव्या. कोणत्या पट्टीवर किती विद्युत्भार जमला, यावरून शलाकेचा मध्य कोठे आहे व तिची रुंदी किती, हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत समजते. शलाका ठरलेल्या मर्यादेबाहेर सरकली, की रुग्णाला इजा होण्यापूर्वीच तिचा मार्ग रोखला जातो. या बाबतीत यंत्राचा नियम एकच : शंका आली की थांबा.

कणांच्या मार्गाचा पट्ट्यांच्या व तारांच्या जाळ्याने असा माग काढण्याची कल्पना कणभौतिकीतून आली आहे. १९६८ साली जॉर्ज शार्पाक यांनी जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत अनेक तारांचा संसूचक तयार केला व त्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विश्वाचे मूळ शोधण्यासाठी केलेले उपकरण रुग्णाच्या खाटेपर्यंत आले. “असल्या संशोधनाचा उपयोग काय?” असे विचारणाऱ्यांना याहून समर्पक उत्तर देता येणार नाही.

पहारेकऱ्यावरही पहारा

काटा स्वतः खरा आहे की नाही, हे कोण पाहणार? आपल्या बाजारात वजनमापे निरीक्षक येऊन काट्यावर शिक्का मारून जातो. तीच गोष्ट येथे आहे, किंबहुना अधिक कडक. कक्षातील हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असेल, तर तापमानाप्रमाणे ती विरळ किंवा दाट होते. तीन अंश उष्णता वाढली, की कक्षातील हवा सुमारे एक टक्का कमी होते आणि आकडा तितकाच कमी दिसतो. आपल्याकडे हिवाळ्यातील २० अंशांवरून उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत पारा चढतो. असा फरक हिशेबात धरला नाही, तर आठ टक्क्यांची चूक होईल. आकडा कमी दिसल्यामुळे यंत्र शलाका उशिरा बंद करील आणि रुग्णाला मात्रा अधिक जाईल. म्हणून तापमान व हवेचा दाब यांची नोंद ठेवून दुरुस्ती करणे अनिवार्य असते.

दररोज सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी वैद्यकीय भौतिकीतज्ज्ञ यंत्राची परीक्षा घेतात. पाण्याने भरलेल्या टाकीत किंवा एकावर एक रचलेल्या अनेक कक्षांच्या उपकरणात शलाका सोडून ती नेमकी किती खोल जाते हे पाहतात. कण पडला की चमकणाऱ्या पडद्याचे कॅमेऱ्याने छायाचित्र घेऊन ठिपक्यांचा आकार तपासतात. एवढेच नव्हे, तर प्रत्येक रुग्णासाठी आखलेला उपचार आधी रुग्णाविना, सुमारे एक हजार सूक्ष्म कक्ष असलेल्या उपकरणावर देऊन पाहता येतो. कागदावरची योजना आणि प्रत्यक्ष मोजमाप जुळल्यावरच रुग्णाला आत घेतले जाते. या उपकरणांचे आकडे राष्ट्रीय मानकांशी ताडून घेण्याची सोय भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे, आणि १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ अशा सर्व केंद्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवते. किरणांजवळ काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरही मात्रा नोंदणारा एक लहानसा बिल्ला असतो. म्हणजे रुग्णाइतकीच सेवकाचीही काळजी घेतली जाते.

एक कटु धडा

एवढी खबरदारी कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याला इतिहास साक्ष आहे. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे ‘थेरॅक-२५’ नावाच्या उपचार यंत्राने सहा रुग्णांना अतोनात मात्रा दिली आणि त्यांतील काही जण दगावले. ते यंत्र प्रोटॉनचे नव्हते, इलेक्ट्रॉन व क्ष-किरणांचे होते. परंतु त्याचा धडा सर्वांना लागू आहे. त्याच्या संगणकीय आज्ञावलीत दोष होता, आणि पूर्वीच्या यंत्रांत असलेले स्वतंत्र विद्युत् अटकाव त्यातून काढून टाकले होते. सर्वांत विदारक गोष्ट अशी, की काही प्रसंगी मात्रा एवढी प्रचंड होती की आयनीकरण कक्ष संपृक्त झाले. त्यांना विद्युत्भार गोळा करता येईना. परिणामी यंत्राच्या पडद्यावर “मात्रा कमी पडली” असे दिसले, आणि तंत्रज्ञाने उपचार पुढे चालू करण्याचे बटण दाबले. रुग्ण वेदनेने ओरडत होता आणि यंत्र सांगत होते, की फारसे काही दिलेच नाही.

या घटनेचा अर्थ काय? एकाच संसूचकावर विसंबू नये. आज्ञावलीवर आंधळा विश्वास ठेवू नये. संसूचकाची मर्यादा त्याच्या मालकाला ठाऊक असावी. आणि रुग्णाची तक्रार हेही एक मोजमाप आहे, ते कधीही दुर्लक्षू नये. जगातील उपचार यंत्रांची सुरक्षितता पुढे ज्या अनेक धड्यांवर उभी राहिली, त्यांत हा एक ठळक धडा होय.

पुढील वाटचाल

शलाका रुग्णाच्या अंगात शिरेपर्यंत आपला पहारा चोख आहे. परंतु अंगात शिरल्यावर ती नेमकी कोठे थांबली? हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. शरीरातील हाड, मांस, हवा यांची छायाचित्रे घेऊन खोलीचा अंदाज बांधतात. त्यात सुमारे तीन टक्के अनिश्चितता गृहीत धरावी लागते. पंधरा सेंटिमीटर खोलीला हे अंतर सुमारे अर्धा सेंटिमीटर होते. गाठीला लागूनच मज्जारज्जू असेल, तर अर्धा सेंटिमीटर म्हणजे चालणे आणि अंथरुणाला खिळणे यांतील अंतर होय. म्हणून डॉक्टर थोडी जास्त कड सोडतात, आणि प्रोटॉनचा काही लाभ तेथेच खर्ची पडतो.

यावर उपाय शोधले जात आहेत. प्रोटॉन अणुकेंद्रावर आदळला, की त्यातून तत्काळ गॅमा किरण बाहेर पडतात. ते शरीराबाहेर टिपले, तर कण कोठवर गेले याचा माग लागतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे २०१५ साली प्रत्यक्ष रुग्णावर याचा प्रथम वापर झाला. जर्मनीतीलच डार्मस्टाट येथे १९९७ ते २००८ या काळात कार्बन कणांच्या उपचारावेळी, शरीरात क्षणभर निर्माण होणाऱ्या किरणोत्सर्गी अणूंवरून असाच माग काढला जात असे.

दुसरे आव्हान वेगाचे आहे. सर्व मात्रा सेकंदाच्या अंशात देऊन निरोगी भागाची हानी कमी करता येईल काय, यावर सध्या संशोधन चालू आहे. परंतु इतके कण एकदम आले, की वायूतील सुटे विद्युत्भार पडद्यांपर्यंत पोचण्याआधीच एकमेकांना मिळून जातात आणि जुना विश्वासू कक्ष कमी आकडा सांगू लागतो. थेरॅकचा धडा येथे पुन्हा आठवतो. म्हणून सिलिकॉन व हिरा यांचे अत्यंत पातळ व चपळ संसूचक तयार होत आहेत. इटलीत तुरिन येथील संशोधक तर सिलिकॉनच्या साहाय्याने एकेक प्रोटॉन मोजण्याच्या खटपटीत आहेत.

या क्षेत्रात आपला देश परावलंबी राहण्याचे कारण नाही. सर्नमधील एका प्रचंड प्रयोगासाठी लागणारे सिलिकॉन पट्टी संसूचक भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने मोठ्या संख्येने तयार करून दिले होते. हे कौशल्य आपल्या रुग्णालयांच्या कामी अधिकाधिक यावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही. आपल्या शाळांतून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींनी वैद्यकीय भौतिकी या शाखेचा अवश्य विचार करावा. रुग्णालयात डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर हा तिसरा माणूस असतो. तो रुग्णाला क्वचितच दिसतो, पण त्याच्या सहीवाचून किरण सुटत नाहीत.

आपल्यासाठी याचा अर्थ

आता शेवटी आपल्या गावाकडे वळतो. प्रोटॉन उपचार हा सर्व कर्करोगांवरचा रामबाण इलाज नव्हे, हे स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या व पाठीच्या कण्याच्या गाठी, कवटीच्या तळाशी असलेल्या गाठी, डोळ्यातील काही गाठी, आणि एकदा किरण दिलेल्या जागी पुन्हा उपचार करण्याची वेळ आली तर, अशा निवडक ठिकाणी त्याचा लाभ विशेष आहे. वाढत्या वयाच्या मुलाचा निरोगी भाग वाचला, तर त्याचे पुढील सबंध आयुष्य वाचते. परंतु बहुसंख्य रुग्णांना नेहमीच्या यंत्रांवरील किरणोपचार, शस्त्रक्रिया आणि औषधे यांनीच उत्तम गुण येतो. “मोठे यंत्र मिळाले नाही, म्हणून उपचारच नको,” असे कोणीही म्हणू नये. नेहमीच्या यंत्रांतही असेच दोन-दोन आयनीकरण कक्ष डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. नागपूर येथे किरणोपचाराची सोय आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगावरील अनेक उपचारांचा लाभ मिळतो. प्रोटॉन उपचाराचा सल्ला मिळाल्यास खर्चाबाबत व साहाय्याबाबत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे प्रत्यक्ष चौकशी करावी. ऐकीव आकड्यांवर विसंबून घरी बसू नये.

आणखी एक गोष्ट. शलाका किंचित सरकली तर थांबणारे यंत्र आपण बनविले. परंतु तोंडात महिनाभर न भरणारा चट्टा दिसत असूनही आपण थांबत नाही! विदर्भात खर्ऱ्याने किती तोंडे आखडली आहेत, हे आपण रोज पाहतो. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी तंबाखू, सुपारी आणि चुना यांचा हा घोटा खिशातून गेलेला नाही. तोंड पूर्ण न उघडणे, न भरणारी जखम, स्तनातील गाठ, अकारण रक्तस्राव ही निसर्गाने दिलेली धोक्याची सूचना आहे. ती ओळखणारा पहिला संसूचक म्हणजे आपण स्वतः, आपली आशाताई, आपल्या शाळेतील शिक्षक आणि आपल्या घरातील माउली. हा संसूचक वेळीच जागा झाला, तर पुढच्या महागड्या यंत्रांचे काम पुष्कळ सोपे होते, आणि कित्येकदा त्यांची गरजही पडत नाही.

जे शिक्षक येथे आहेत, त्यांनी मुलांना आयनीकरण कक्षाची गोष्ट जरूर सांगावी. जे आरोग्य सेवक आहेत, त्यांनी ‘शेक’ या शब्दामागची भीती घालवावी आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्या रुग्णाच्या घरी पुन्हा एकदा जावे. त्याला सांगावे, की तुझ्या अंगात जाणारा प्रत्येक किरण मोजलेला आहे, एकाने नव्हे तर दोघांनी; आणि मोजणाऱ्यांनाही दररोज तपासले जाते. न दिसणाऱ्या गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवा असे विज्ञान सांगत नाही. ते मोजून दाखविते आणि मगच विश्वास मागते. त्या विश्वासाने आपल्या भागातील प्रत्येक रुग्ण उपचाराचा अखेरचा दिवस पुरा करून घरी यावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!